टॅप केलं की सोडायचं

एमएमए, म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्स, हा ठोसे, लाथा आणि कुस्ती सगळं एकत्र चालणारा लढतीचा खेळ. त्याच्या क्लासला नाव घातलं की पहिले कित्येक दिवस कुणी तुम्हाला मारत नाही. मारायला शिकवतही नाही, म्हणजे फारसं नाही. उभं कसं राहायचं, पडायचं कसं, पडताना हनुवटी छातीला लावून डोकं कसं वाचवायचं आणि मग पाठीवर पडल्या पडल्या कंबर बाजूला काढत हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कसं सरकायचं, एवढ्यातच तास संपतो. चाळिशी ओलांडलेली बाई मॅटवर आडवी होऊन खुरडत चालली आहे आणि तिच्या पुढेमागे कॉलेजची पोरं तशीच खुरडतायत. मोबाइलवर नॉकआउटच्या क्लिपा बघून आलेल्या माणसाचा इथे पुरता हिरमोड होतो. बरेच जण या सरपटण्यालाच कंटाळून यायचे बंद होतात. मला उलट हायसं वाटलं होतं. मार खायची वेळ अजून लांब होती.

उभं राहणं तरी सोपं असेल म्हणावं, तर तेही नाही. बॉक्सर अंग तिरकं ठेवून, हनुवटी खांद्याआड लपवून उभा राहतो. मुआय थाईवाला, म्हणजे थायलंडचं लाथा-ठोशांचं युद्ध खेळणारा, ताठ उभा असतो आणि पुढचा पाय हलका ठेवतो, कारण लाथ आली तर तो पाय उचलून ती नडगीवर घ्यायची असते. कुस्तीगीर वाकलेला, हात पुढे, डोकं पुढे. आता बॉक्सरसारखं तिरकं उभं राहिलात तर पुढच्या मांडीवर लाथ बसते, नाहीतर तोच पाय धरून कुणीतरी तुम्हाला खाली घेतं. कुस्तीसारखं वाकलात तर तोंड आयतंच गुडघ्याच्या वाटेत. म्हणून एमएमएचा पवित्रा तिघांकडून थोडाथोडा उसना घेतलेला असतो. बॉक्सिंगपेक्षा समोर तोंड करून, कुस्तीपेक्षा उंच, हात गालाला चिकटलेले नाहीत पण फार लांबही नाहीत. या तिन्ही विद्यांच्या मास्तरांना हा पवित्रा दाखवा, प्रत्येक जण काहीतरी खोड काढणार. आणि आपापल्या जागी तिघांचंही बरोबर असणार.

कोणाची विद्या श्रेष्ठ, या भांडणातूनच तर हा खेळ उभा राहिला. 26 जून 1976 रोजी टोकियोच्या बुडोकानमध्ये बॉक्सर मुहम्मद अली आणि जपानी कुस्तीगीर अँटोनियो इनोकी समोरासमोर उभे राहिले. उभे म्हणजे, अली उभा होता. इनोकी बहुतेक वेळ पाठीवर पडून अलीच्या पायांवर लाथा घालत होता. अशा 15 फेऱ्या. अलीला मारायला तोंड सापडेना आणि इनोकीला धरायला अली सापडेना. सामना बरोबरीत सुटला, प्रेक्षक वैतागले आणि अलीच्या पायांची अशी काही दशा झाली की त्याला पुढे इस्पितळात उपचार घ्यावे लागले.

मग 12 नोव्हेंबर 1993 रोजी अमेरिकेत डेन्व्हरला यूएफसी नावाची लढतींची पहिली स्पर्धा झाली. आठ स्पर्धक, वजनगट नाहीत, एका रात्रीत निकाल. त्यात आर्ट जिमरसन नावाचा व्यावसायिक बॉक्सर एकाच हातात ग्लोव्ह घालून उतरला होता, दुसरा हात उघडा. समोर ब्राझीलचा रॉइस ग्रेसी, ऐंशीएक किलोचा, अंगात जिउ-जित्सूची, म्हणजे खाली पाडून गळा किंवा सांधा धरायच्या विद्येची, पांढरी गी, म्हणजे जाड अंगरखा-पायजमा. ग्रेसीने त्याला खाली घेतलं, छातीवर बसला आणि अडीच मिनिटांच्या आत जिमरसनने हार मानली. गळा आवळलेला नव्हता, हात पिरगळलेला नव्हता, फारसे ठोसेही पडलेले नव्हते. ग्रेसीने त्या रात्री तिघांना हरवून स्पर्धा जिंकली आणि त्याचं नाव इतिहासात गेलं. पण नवशिक्याने लक्षात ठेवायचा माणूस माझ्या मते जिमरसन आहे. बाहेरून बघणाऱ्याला त्याचं हार मानणं हास्यास्पद वाटतं. ज्याच्या छातीवर कधी कुणी पद्धतशीर बसलंय, त्याला नाही वाटत.

माझ्यावर पहिल्यांदा पद्धतशीर वजन टाकलं ते वजनाने माझ्याहून हलक्याच असलेल्या एका मुलीने. साइड कंट्रोल म्हणतात त्याला. तिने आपली छाती माझ्या छातीवर आडवी टेकवली. एक हात माझ्या मानेखालून घातला आणि खांदा जबड्याला असा लावला की माझी मान आपोआप पलीकडे वळली. मान पलीकडे वळली की अंग अलीकडे वळत नाही, ही शरीराची खोड तिला ठाऊक होती आणि मला नव्हती. दुसरा हात माझ्या लांबच्या काखेत, गुडघा कंबरेला भिडलेला. मग तिने पायाची बोटं मॅटमध्ये रोवली, गुडघे जरासे उचलले आणि तिचं होतं नव्हतं ते वजन माझ्या बरगड्यांवर उतरलं, ओलं पोतं टाकावं तसं. मी दोन्ही हात ताठ करून तिला वर ढकलू लागले. नवीन माणूस हेच करतो. दंड भरून येतात, आणि ताठ हात म्हणजे समोरच्याला आर्मबारचं, म्हणजे कोपर उलटं ताणायच्या डावाचं, निमंत्रणच.

"ताई, श्वास घ्या," ती म्हणाली.

"घेतेय."

"नाही घेत. तुमची छाती हलत नाहीये, मला खाली कळतंय."

एखाद्याचा श्वास अडलेला आहे हे त्याच्या आधी दुसऱ्याला कळावं, इतक्या जवळून हा खेळ खेळला जातो. सुटका मग तिनेच शिकवली, माझ्यावर पडूनच. एक कोपर-मनगट तिच्या गळ्याशी आडवं, दुसरं तिच्या कंबरेशी, म्हणजे हाडांची चौकट उभी राहते आणि स्नायूंना राबावं लागत नाही. मग टाचेवर जोर देऊन कंबर उचलून क्षणभर पूल करायचा, तिचं वजन हललं की कुशीवर वळायचं, कंबर मागे काढायची आणि पडलेल्या फटीत गुडघा घालायचा. ढकलायचं तिला नसतं, सरकायचं आपण असतं. हॉलभर खुरडायला का लावत होते ते तेव्हा कळलं.

सुरुवात ठोशांपासून करावी की जमिनीवरच्या झटापटीपासून, हा प्रश्न नवीन येणारा प्रत्येक जण विचारतो. सरांचं उत्तर असतं, दोन्ही करा. माझं उत्तर विचाराल तर पहिले काही महिने ग्रॅपलिंगला, म्हणजे या झटापटीला, झुकतं माप द्या. त्याचं कारण साधं आहे. जिउ-जित्सू किंवा कुस्तीत तुम्ही पहिल्या महिन्यातही पुष्कळसा जोर लावून खेळू शकता आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाऊ शकता. ठोशांच्या बाबतीत ते जमत नाही, जमू नये. आणि घाबरल्यावर आपण काय करतो, हे जमिनीवर फार स्वस्तात कळतं. कुणी हातपाय झाडतं, कुणी श्वास धरतं, कुणी डोळे मिटून घेतं. एक गृहस्थ तर हसत सुटायचे.

हे सगळं ज्यावर चालतं ती गोष्ट म्हणजे टॅप. समोरच्याच्या अंगावर किंवा मॅटवर दोन-तीनदा थोपटायचं, हात अडकले असतील तर पायाने, नाहीतर तोंडाने "टॅप" म्हणायचं. त्याक्षणी समोरचा सोडतो. का, कशासाठी, अजून पुरतं लागलं होतं का, असलं काही विचारायचं नाही. मागून मान धरून दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या नीट दाबल्या गेल्या तर माणूस दहा सेकंदांच्या आसपास शुद्ध हरपू शकतो, आणि गंमत म्हणजे नीट लागलेला चोक, म्हणजे गळा आवळायचा डाव, फारसा दुखत नाही. श्वासनलिका दाबली तर दुखतं, खोकला येतो, माणूस आपोआप थोपटतो. रक्तवाहिन्यांवरचा दाब मात्र इतका मवाळ असतो की नवशिक्या "अजून सहन होतंय" म्हणत बसतो आणि दिवे मंद व्हायला लागतात. सांध्यांचं आणखी वाईट. टाच पिरगळण्याच्या डावात गुडघ्याला दुखायला लागेपर्यंत आतलं अस्थिबंध फाटलेलंही असू शकतं. म्हणून तो डाव नवख्यांना बहुतेक ठिकाणी बंद असतो.

टॅप न करण्याची सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट 1951 ची आहे. रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये जपानचा जुडोपटू मासाहिको किमुरा आणि ब्राझीलचा एलिओ ग्रेसी, म्हणजे रॉइसचे वडील, यांची लढत झाली. किमुराने त्याचा हात पाठीमागे पिरगळला, एलिओने थोपटलं नाही, हाड मोडलं, तरी थोपटलं नाही. शेवटी त्याच्या बाजूनेच लढत थांबवली. ग्रेसी मंडळींनी त्या डावाला पुढे विजेत्याचंच नाव दिलं. आज जगभरातल्या मॅटवर "किमुरा" म्हणतात तो हाच. गोष्ट रोमहर्षक आहे, आणि संध्याकाळी सातच्या बॅचमध्ये तिचं अनुकरण करणारा एखादा पठ्ठ्या सापडतोच. त्याच्याशी खेळायला मग कुणी उत्सुक नसतं. हात मोडायची भीती त्याला नसेल, ज्याच्या हातून तो मोडणार त्याला असते.

बाई म्हणून एक वेगळी अडचण असते, ती सांगून टाकते. परक्या माणसाच्या अंगाखाली पडायचं, त्याची मान दोन्ही पायांत धरायची, घाम तोंडावर पडू द्यायचा, ही सवय आपल्याला कुणी लावलेली नसते. पहिले काही दिवस मी फक्त मुलींबरोबर रोल केलं, म्हणजे जमिनीवरच्या झटापटीचा सराव केला, आणि सरांनी त्यावर एक अक्षर काढलं नाही. नंतर पुरुषांबरोबरही करू लागले. संकोच कधी गेला ते नीट आठवत नाही. बहुधा कुणीतरी गळा धरायला आलेलं असताना, दुसरं काही सुचायला वेळच नव्हता तेव्हा. पण "नको" म्हटल्यावर ते ऐकलं जाईल याची खात्री नसती, तर मी दुसऱ्या दिवशी गेले नसते.

आता ठोसे. हाताला साडेचार मीटरची पट्टी गुंडाळायची, मनगट, मग मुठीची हाडं, मग बोटांच्या मधून. जॅब म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा. तो मारता येतो लवकर, पण गेला त्याच वाटेने हात परत हनुवटीशी आणायला फार दिवस लागतात. प्रत्येकाचा हात परतताना खाली पडतो आणि पॅड धरणारे सर त्याच पॅडने गालावर हलकी चापट देतात. ठोसा हातात नसतो, मागच्या पायाच्या चवड्यात आणि कंबरेच्या वळणात असतो, हे ऐकून पाठ होतं. अंगात उतरतं ते फार उशिरा, आणि एका दिवशी उतरून दुसऱ्या दिवशी गायबही होतं.

स्पारिंगची, म्हणजे जोडीदाराबरोबरच्या सराव-लढतीची, खरी भानगड जोराची आहे. "हळू हां" असं दोघांनी ठरवलेलं असतं. पण समोरच्याचा ठोसा प्रत्येकाला आपल्या ठोशापेक्षा जड वाटतो, म्हणून उत्तर थोडं वाढवून जातं, त्यावर आणखी वाढवून येतं आणि फेरीच्या शेवटी दोन भले लोक एकमेकांना बदडत असतात. हे थांबवणारं बाहेरचं कुणीतरी लागतं. सोळा औंसांचे जाड ग्लोव्ह, दातांचं गार्ड, डोक्याला हेडगिअर, हे सगळं घातलं तरी हेडगिअर जखमा वाचवतं, कवटीच्या आत मेंदू हलायचा तो हलतोच. डोक्याला मार लागून गरगरलं, मळमळलं, काही आठवेनासं झालं तर त्या दिवशी खेळ बंद, आणि लक्षणं पूर्ण जाऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत पुन्हा डोक्याला हात लावू द्यायचा नाही. ज्यांना हे मिळमिळीत वाटतं त्यांना मी यूएफसीत लढणाऱ्या मॅक्स हॉलोवेचं नाव सांगते. सरावात स्पारिंग करणं आपण सोडून दिलंय, असं त्याने जाहीरपणे सांगितलेलं होतं. जानेवारी 2021 मध्ये अबू धाबीला त्याने कॅल्विन केटरवर पाच फेऱ्यांत 445 नोंद घेण्याजोगे प्रहार केले. यूएफसीच्या एका लढतीतला तो तोवरचा उच्चांक होता.

बाकी व्यवहार. हातापायाची नखं दर आठवड्याला कापा. मॅटवरून उठून बाथरूमला जाताना चपला घाला, हे ज्या हॉलमध्ये ओरडून सांगतात तो हॉल चांगला. नायटा मॅटवरून झपाट्याने पसरतो. अंगावर गोल लाल चट्टा दिसला की घरी बसायचं, "मलम लावलंय" हे कारण चालत नाही. कान घासून घासून सुजला तर वेळेत डॉक्टरकडून आतलं रक्त काढून घ्यायचं, नाहीतर कूर्चा आणि तिच्यावरचं आवरण यांच्यामध्ये ते साचून कान कायमचा गाठाळतो. काही पोरांना तो मिरवायचा असतो. मिरवू दे.

क्लास निवडायचा कसा, यावर माझं मत थोडं हेकट आहे. भिंतीवरची पदकं, कोचने किती लढती जिंकल्या, हॉलमध्ये लढतीचा जाळीचा पिंजरा आहे की नाही, हे सगळं नंतर. आधी एक संध्याकाळ कोपऱ्यात बसून बघा, की तिथल्या सगळ्यात कच्च्या माणसाशी सगळ्यात तरबेज माणूस कसा खेळतो. मी इथे येण्याआधी एका ठिकाणी गेले होते. तिथे माझ्यासमोर त्याच दिवशी आलेल्या मुलाला तयारीच्या गड्याबरोबर ग्लोव्ह घालून उभं केलं, बाकीचे कडेला बसून हसत होते आणि कोच फोनवर होता. मुलाच्या नाकातून रक्त आलं तेव्हा कुणीतरी म्हणालं, "आता झाला पक्का." मी चपला घातल्या. आत्ताच्या ठिकाणी पहिल्याच दिवशी सरांनी विचारलं होतं: आधी डोक्याला काही लागलंय? मानेचं, पाठीचं काही? गोळ्या चालू आहेत? मग त्यांनी माझी जोडी लावली ती सगळ्यात जुन्या मुलीशी. नवख्याला नवख्याबरोबर खेळवलं की दोघेही घाबरलेले असतात आणि दुखापती तिथेच होतात, हे त्यांचं म्हणणं मला पटलेलं आहे.

आणि हो, "रस्त्यावर चौघे आले तर?" असं विचारणारे असतात. चौघे आले तर पळायचं. एमएमए हा एकाशी एकाने, पंच समोर असताना खेळायचा खेळ आहे. 2000 साली न्यू जर्सीत जे नियम ठरले त्यांच्याच आधारे आजच्या बहुतेक लढती होतात: पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या, किताबाची लढत असेल तर पाच. डोळ्यात बोट घालायचं नाही, चावायचं नाही, एकेकटं बोट पिरगळायचं नाही, डोक्याच्या मागच्या बाजूला मारायचं नाही, अशी तीसेक बंधनं. याउपर स्वसंरक्षणाचा फायदा झालाच तर तो पळताना दम न लागण्याचा.

स्पर्धेत उतरणार का, हेही विचारतात. हौशी स्पर्धांत फेऱ्या लहान असतात, नडगीला पॅड असतात, डोक्यावर कोपर मारायला बंदी असते, तरी माझं उत्तर नाही असंच आहे. या वयात डोक्याला ठोसे खाऊन मला काही सिद्ध करायचं नाही.

मला रस आहे तो दोन विद्यांच्या सांध्यात. जिउ-जित्सूच्या तासाला पाठीवर पडून दोन्ही पायांत समोरच्याला धरून ठेवणं, म्हणजे गार्ड, ही चांगली सुरक्षित जागा असते. कुस्तीत दोन्ही खांदे टेकले की खेळ संपतो, इथे तो तिथून सुरू होतो. पण एमएमएच्या तासाला तोच गार्ड, आणि वरच्याच्या हातात छोटे ग्लोव्ह. आता खाली पडून विचार करायला सवड नाही, प्रत्येक फटीतून ठोसा येतो. मग त्याचं मनगट धरा, नाहीतर त्याला छातीशी ओढून घ्या, नाहीतर उठा. उठण्यासाठी भिंतीचा उपयोग होतो, आणि हा भाग मूळच्या कुठल्याच विद्येत नाही. पिंजऱ्यात खेळणाऱ्यांनी तो घडवलाय. खाली पडलात की भिंतीकडे सरकायचं, पाठ तिला टेकवून बसायचं, एक हात जमिनीवर, एक पाय खाली ओढून घ्यायचा आणि पाठ भिंतीला घासत वर चढायचं. वरचा माणूस तेवढ्यात दोन्ही गुडघ्यांमागे हात गुंफून तुम्हाला पुन्हा ओढायला टपलेला असतो. त्याचे पंजे एकमेकांत अडकायच्या आत एक मनगट सोडवलं तरच उठता येतं.

सध्या माझा सगळा जीव या मनगटात अडकलाय. उजव्या बाजूने मी वेळेत पोचते. डाव्या बाजूने जोडीदार मुलीचे हात आधीच गुंफलेले असतात, मी पुन्हा खाली येते आणि सर घड्याळ बघून म्हणतात, "अजून दोन मिनिटं."